चिकुनगुनिया: प्रवासाच्या तयारीपासून सांधे मोकळे होईपर्यंत

चिकुनगुनियाने माणूस सहसा दगावत नाही. त्यामुळे या आजाराला कुणी फारसं मनावर घेत नाही. ताप उतरल्यावर महिनोन्‌महिने बाटलीचं झाकण उघडता येत नाही, तेव्हा कुठे डोळे उघडतात. मी यातून गेले आहे. त्या काळात जी माहिती दहा ठिकाणांहून गोळा करावी लागली, ती इथे क्रमाने मांडते आहे. हा आजार जिथे नव्याने पोहोचला आहे तिथे राहणाऱ्यांना आणि तिथे जाणाऱ्यांना तिचा उपयोग होईल. उपचार डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याकडे काय घेऊन जायचं आणि त्यांना काय विचारायचं, एवढंच हा लेख सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: ताप आल्यापासूनचा पहिला आठवडा. चाचणी कोणती करायची, कोणती गोळी टाळायची आणि आपला आजार शेजारच्याला जाणार की नाही, या तिन्हींचा फैसला त्या आठवड्यात होतो. नंतर हळहळून काही हाती लागत नाही.

१. आधी नकाशा समजून घ्या

हा विषाणू पहिल्यांदा लक्षात आला तो १९५२ मध्ये, तेव्हाच्या टांगानिकामधल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या माकोंडे पठारावर. पुढची पन्नास वर्षं तो आफ्रिका आणि आशियात अधूनमधून डोकं वर काढत राहिला. १९५८ मध्ये बँकॉक, १९६३ मध्ये कोलकाता. साथ यायची, ओसरायची, लोक विसरायचे.

चित्र पालटलं २००४ मध्ये. केनियाच्या किनाऱ्यालगतच्या लामू बेटावर साथ आली आणि तिथल्या बहुतेक लोकांना संसर्ग झाला. तिथून मोम्बासा, मग कोमोरोस, मग हिंदी महासागरातलं फ्रान्सचं रियुनियन बेट. २००५-०६ मध्ये त्या बेटावर सुमारे २ लाख ६६ हजार लोक आजारी पडले, म्हणजे जवळपास दर तिघांमागे एक. त्याच सुमारास विषाणू भारतात परतला आणि २००६ मध्ये संशयित रुग्णांचा आकडा १३ लाखांच्या वर गेला.

रियुनियनमध्ये नेमकं काय घडलं, हे समजून घेण्यासारखं आहे. तोवर हा आजार मुख्यतः एडीस इजिप्ती या डासाच्या भरवशावर पसरत होता. उष्ण हवेतला, वस्तीला चिकटून राहणारा डास. रियुनियनमध्ये विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनात एकच बारीकसा बदल झाला, आणि तेवढ्यावर तो दुसऱ्या डासाच्या, एडीस अल्बोपिक्टसच्या अंगात सहज वाढू लागला. पायांवर पांढरे पट्टे आणि पाठीवर एक पांढरी रेघ असलेला हा टायगर डास थंड प्रदेशातही तग धरतो. त्याची अंडी हिवाळा काढतात. शिवाय जुन्या टायरांच्या व्यापारातून तो आधीच जगभर पोहोचला होता. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये तो १९८५ मध्ये सापडला, इटलीतल्या जिनोआत १९९० मध्ये. डास आधी येऊन बसला होता, विषाणू मागून आला.

मग २००७ मध्ये इटलीच्या रवेन्ना भागातल्या दोन गावांत दोनशेच्या आसपास लोक आजारी पडले. सुरुवात भारतातून आलेल्या एका प्रवाशापासून झाली होती. डिसेंबर २०१३ मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर स्थानिक रुग्ण आढळले आणि वर्षभरात अमेरिकेच्या दोन्ही खंडांत मिळून दहा लाखांहून अधिक संशयित रुग्ण झाले. २०२५ मध्ये रियुनियनला पुन्हा मोठी साथ आली, चीनमधल्या फोशान शहरात हजारो लोक आजारी पडले आणि फ्रान्सच्या मुख्य भूमीवरही स्थानिक लागण झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ११९ देशांतले ५६० कोटी लोक धोक्याच्या क्षेत्रात राहतात.

हा डास उभ्या आयुष्यात काहीशे मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. समुद्र ओलांडतो तो रक्तात विषाणू असलेला माणूस, विमानातून.

आता या नकाशाचा उपयोग कसा करायचा? कुठेही जाण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा.

- तिथे *स्थानिक* लागण चालू आहे का? बातमीत 'रुग्ण आढळले' एवढंच असेल, तर ते बाहेरून आलेले आहेत की तिथेच लागण झालेले, हे बघा. फरक जमीन-अस्मानाचा आहे.
- तिथे या दोनपैकी एखादा डास आहे का? डास नसेल, तर बाहेरून आलेल्या रुग्णापासून पुढे साथ पसरत नाही.
- तुम्ही जाणार त्या महिन्यांत पाऊस आणि ऊब आहे का?

जागतिक आरोग्य संघटना, युरोपचं रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र (सीडीसी) यांच्या प्रवासविषयक सूचना मोफत बघायला मिळतात. इथे एक सापळा आहे. 'एकही रुग्ण नाही' याचा अर्थ कधी कधी 'कुणी चाचणीच केली नाही' असा असतो. जिथे डेंग्यू आहे तिथे हा डास आहेच, त्यामुळे डेंग्यूचे आकडेही सोबत बघून घ्या.

२. लशीबद्दल निघण्याच्या महिनाभर आधी विचारा

आज दोन लशी आहेत, आणि दोन्ही सगळीकडे मिळतात असं नाही.

पहिली इक्स्चिक. यात जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू असतो. तिला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे, विशेषतः वयस्कर लोकांमध्ये, गंभीर दुष्परिणाम नोंदवले गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने तिचा परवाना स्थगित केला. दुसरी विमकुन्या. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, विषाणूसारखे दिसणारे प्रथिनांचे कण असतात. अमेरिकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला १२ वर्षं आणि त्यावरच्या वयासाठी मंजुरी मिळाली. दोन्हींचा एकेकच डोस असतो.

डॉक्टरांना आपलं वय, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं आणि जुने आजार स्पष्ट सांगा. लस घ्यायची की नाही, हे त्यावर ठरतं. आठवडाभराच्या सहलीला जाणाऱ्या धडधाकट तरुणाला कदाचित 'गरज नाही' असंच उत्तर मिळेल, आणि ते बरोबरही असेल.

लोक हमखास गोंधळतात ते इथे: पिवळ्या तापाची लस वेगळी. तिचं प्रमाणपत्र काही देशांत प्रवेशासाठी मागतात. पण ती लस, किंवा डेंग्यूची लस, चिकुनगुनियाला अडवत नाही.

३. डास कधी चावतो आणि कुठे वाढतो, ते बघा

हा डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यावर आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याचा जोर जास्त. रात्री मच्छरदाणी लावली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांना दिवसाढवळ्या टेबलाखाली घोट्याला चावा बसतो. दिवसा झोपणारी लहान मुलं आणि आजारी माणसं यांच्यासाठी मात्र मच्छरदाणी खरोखर कामाची आहे.

अंगाला लावायच्या औषधात डीईईटी, पिकारिडिन, आयआर३५३५ किंवा लेमन युकॅलिप्टसचं तेल, यांपैकी एक घटक आहे ना, हे बाटलीवर वाचा. नुसतं 'नैसर्गिक' लिहिलेलं असेल तर खाली ठेवून द्या. दोन महिन्यांखालच्या बाळाला यातलं काहीही लावू नका, आणि लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना नको. सनस्क्रीन लावणार असाल तर आधी ते, त्यावर हे. परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर मारायचं, अंगावर अजिबात नाही.

पाण्याचं म्हणाल, तर या डासाला गटार किंवा तळं लागत नाही. कुंडीखालच्या ताटलीतलं बोटभर पाणी पुरतं. ती ताटली उचलून उजेडात धरा. पाण्याची रेघ जिथे संपते, तिच्या किंचित वर पेन्सिलीच्या टोकाने ठिपके दिल्यासारखी काळी अंडी चिकटलेली असतात. पाणी ओतून टाकलं तरी ती तिथेच राहतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून ताटली ओतून भागत नाही, काठ ब्रशने *घासायचा*. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे हे काम आठवड्यातून एकदा ठरवूनच करा. फ्रीजमागचा ट्रे, एसीचं पाणी पडतं ती जागा, गच्चीवरचा टायर, ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी, न वापरलेल्या संडासाचा फ्लश. धुराची फवारणी आवाज करते, पण उडते डास तेवढे मारते. अंड्यांना काही होत नाही.

सोबत ठेवायच्या वस्तू आणि कागद

- थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं
- वर सांगितल्यापैकी एक डासरोधक, अंगभर सैल कपडे, गरज असेल तर मच्छरदाणी
- तुम्ही नेहमी घेत असलेल्या औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिच्याखाली ठळक रेघ
- लशींच्या नोंदी
- कुठे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होतात, याचा कागद
- विम्याची प्रत. परदेशात रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर आधी कुणाला कळवायचं, तो क्रमांक

४. ताप आला की पहिल्यांदा तारीख लिहा

डास चावल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत आजार सुरू होतो, क्वचित बारा दिवसांपर्यंत. म्हणजे प्रवास संपून घरी आल्यावरही ताप येऊ शकतो. तो एकाएकी येतो. सकाळी ठणठणीत असलेल्या माणसाला संध्याकाळी ३९ अंश सेल्सिअस ताप आणि पलंगावरून पाय खाली टेकवत नाहीत, असं होतं. मनगटं, बोटं, घोटे, गुडघे, बहुधा दोन्ही बाजूंना एकदम. दोन-चार दिवसांत अंगावर पुरळ येतं.

ताप कधी सुरू झाला, तो दिवस आणि वेळ लिहून ठेवा. हे किरकोळ वाटेल, पण पुढे प्रत्येक डॉक्टर आणि प्रत्येक लॅब हेच विचारते, आणि तापात गेलेले दिवस नंतर आठवत नाहीत. डॉक्टरांना आपणहून सांगा: 'अमुक ठिकाणी होतो, अमुक तारखेला परत आलो.' त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. जिथे हा आजार नवा आहे, तिथल्या डॉक्टरच्या डोक्यात तो येईलच असं नाही.

घरी थांबू नका, सरळ दवाखाना गाठा, अशी माणसं: नवजात बाळ, ६५ च्या पुढचे, हृदयविकार किंवा मधुमेह असलेले आणि प्रसूती जवळ आलेल्या स्त्रिया. प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल, तर तो बाळाला जाण्याची शक्यता मोठी असते आणि बाळाचा आजार गंभीर होऊ शकतो. स्तनपान मात्र थांबवायची गरज नसते.

५. दिवस मोजून चाचणी करा

पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथे.

ताप आल्यापासूनचे पहिले पाच-सात दिवस रक्तात विषाणूच असतो, म्हणून तेव्हा आरटी-पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी. आयजीएम ही प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) चाचणी. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे ती पाचव्या-सहाव्या दिवसानंतर भरवशाची. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली, निगेटिव्ह आली आणि 'चिकुनगुनिया नाही' म्हणून फाईल बंद झाली, हा प्रकार इतका सर्रास होतो की रिपोर्ट हातात आला की आधी चाचणीचं नाव बघायचं आणि मग निकाल. मधल्या दिवसांत असाल तर दोन्ही करायच्या का, हे डॉक्टरांना विचारा.

उलट बाजूही आहे. आयजीएम काही महिने पॉझिटिव्ह राहू शकते. तेव्हा आजचा ताप चिकुनगुनियाचाच आहे, हे एकट्या तिच्यावरून ठरत नाही.

डेंग्यूची चाचणी सोबत कराच. डास तोच, हंगाम तोच, आणि दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात. मलेरियाच्या भागातून आला असाल तर तीही. मलेरियावर हमखास औषध आहे आणि उशीर जिवावर बेततो, म्हणून ती चाचणी राहून जाता कामा नये.

६. गोळी घेण्याआधी डेंग्यूचा निकाल लागू द्या

चिकुनगुनियाच्या विषाणूवर औषध नाही. ताप आणि वेदना कमी करायच्या, पाणी भरपूर प्यायचं, विश्रांती घ्यायची, एवढंच.

सांधे इतके दुखतात की हात आपोआप आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅककडे जातो. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत या गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका असतो आणि या गोळ्या तो वाढवतात. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर मनाने बंद करू नका, लगेच डॉक्टरांना विचारा. तोवर पॅरासिटामॉल. सर्दी-तापाच्या तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, त्यामुळे दोन वेगळ्या नावांनी तेच औषध दुप्पट पोटात जातं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. यकृताचा प्रश्न आहे.

या दिवसांत कुणीतरी स्टेरॉइड सुचवतं. एका दवाखान्यात मलाही सुचवलं होतं. एका इंजेक्शनने माणूस उठून चालू लागतो हे खरं, पण औषध थांबलं की दुखणं दुप्पट जोराने परतू शकतं. सुरुवातीच्या दिवसांत त्यापासून लांब राहिलेलं बरं. अँटिबायोटिकचा तर इथे संबंधच नाही.

पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी, श्वासाचा त्रास: यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. ताप उतरत असताना दिसलं तर जास्तच तातडीने, कारण डेंग्यू नेमका तेव्हा बिघडतो.

७. पहिल्या आठवड्यात रुग्णाला डासांपासून लपवा

सगळे स्वतःला डासांपासून वाचवतात. रुग्णापासून डासांना दूर ठेवायचं कुणाला सुचत नाही. आजार हवेतून, भांड्यांतून, स्पर्शातून पसरत नाही, त्यामुळे रुग्णाचं ताट वेगळं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या आठवड्यात त्याला चावलेला डास काही दिवसांतच दुसऱ्याला लागण करण्याजोगा होतो.

म्हणून रुग्णाने आठवडाभर दिवसाही मच्छरदाणीत झोपावं, डासरोधक लावावं, खिडक्यांना जाळ्या असाव्यात. घरात आणि शेजारी साचलेलं पाणी त्याच दिवशी काढा. स्थानिक आरोग्य विभागाला कळवा. जिथे आजार नवा आहे तिथे पहिल्या काही रुग्णांची खबर वेळेत मिळाली तर साथ गल्लीतच अडवता येते. बरं होऊन काही आठवडे जाईपर्यंत रक्तदान करू नका, आणि नंतर गेलात तर रक्तपेढीला या आजाराबद्दल सांगा.

८. ताप गेला, सांधे राहिले

बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत बरं वाटतं. पण चाळीस टक्क्यांपर्यंत रुग्णांचे सांधे तीन महिन्यांनंतरही दुखत राहतात असं आढळलं आहे. साथीगणिक आकडा बदलतो. वय जास्त असेल किंवा सुरुवातीचा आजार जोरात असेल, तर शक्यता वाढते.

हे दुखणं सकाळी सगळ्यात वाईट असतं. टूथपेस्टची ट्यूब दाबता येत नाही, शर्टाचं बटण काजात जात नाही, जिना आडवा होऊन, कठड्याला धरून उतरावा लागतो. दुपारपर्यंत हात बरेच मोकळे होतात, आणि मग ऑफिसातल्यांना वाटतं की तुम्ही सकाळी आळस करत होतात. मला याचा आजारापेक्षा जास्त राग यायचा. डॉक्टरांकडून सकाळच्या आखडण्याचा स्पष्ट उल्लेख असलेलं पत्र घ्या आणि कामाच्या ठिकाणी देऊन टाका.

उपयोग झाला तो या गोष्टींचा: उठल्या उठल्या कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवणं, दिवसभरात थोडा थोडा हलका व्यायाम, आणि फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी नीट शिकून घेणं. पूर्ण विश्रांतीने सांधे आणखी आखडतात. एकदम जिमला गेलात तर दोन दिवस पलंग धरावा लागतो. सूज हटत नसेल, तर तीन महिने संपायची वाट न बघता सांधेविकारतज्ज्ञांना दाखवा. चिकुनगुनियानंतरची सूज संधिवातासारखीच दिसू शकते, त्यामुळे जाताना आजाराच्या सुरुवातीचे रिपोर्ट न्या. ते नसतील तर आयुष्यभराच्या संधिवाताचा शिक्का बसायला वेळ लागत नाही. तोवर डेंग्यूचा प्रश्न उरलेला नसतो, त्यामुळे सूज कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टर आता देऊ शकतात. काहींना मेथोट्रेक्सेटसारखी, संधिवातात देतात ती औषधंही लागतात.

'हमखास इलाज' विकणारे याच टप्प्यावर भेटतात. बहुतेकांचं दुखणं वेळेबरोबर आपोआप कमी होतं, आणि श्रेय त्या वेळी जे काही चालू असेल त्याला जातं. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइडच मिसळलेलं असतं.

९. पुन्हा त्या भागात जायचं असेल तर

एकदा चिकुनगुनिया झाला की तो सहसा पुन्हा होत नाही. प्रतिकारशक्ती दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर टिकते. आयजीजी (आजार होऊन गेल्यावर दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असलेला रिपोर्ट फोनमध्ये साठवून ठेवा. पुढच्या वेळी त्या भागात ताप आला तर तो डॉक्टरांना दाखवा, म्हणजे ते आधी डेंग्यू आणि मलेरियाचा शोध घेतील. डासरोधक मात्र पूर्वीसारखंच लावायचं: डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि तोच डास झिका हा विषाणूही पसरवतो.